एक लायब्ररी उतरत नाही

सोम. ३ मार्च
डॉक्टरांनी आईला संध्याकाळी सहाची नवी गोळी दिली. म्हणजे मंग्याच्या प्रोग्रॅमला हात लावणं आलं. माझा हा भाऊ जाऊन अकरा महिने झाले, त्याच्या लॅपटॉपची मी फक्त धूळ पुसते. तो आपला आईच्या खाटेशेजारी चालू असतो. वेळ झाली की मंग्याच्याच आवाजात बोलतो, "आये, चार वाजले. पांढरी गोळी घे. पाणी उजव्या हाताक." आईला दिसत नाही म्हणून केलेला. दिवसाच्या चोवीसही तासांचे आवाज भरून ठेवलेत, शहाणा.
प्रोग्रॅम जावा भाषेतला, ती तर मी ऑफिसात रोज लिहिते. शनिवारी अर्ध्या तासाचं काम.

शनि. ८
लॅपटॉप बाहेरच्या खोलीत आणला. सहाची वेळ घातली, जुनं बिल्ड, म्हणजे तयार चालणारा प्रोग्रॅम, पुसलं, नवीन करायला घेतलं. होईना. कुठलीशी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा तयार तुकडा, खराब उतरलीय म्हणे. मग ऑफिसात करतो तेच केलं. उतरवलेल्या लायब्रऱ्यांचा फोल्डर सरळ उडवला. काही अडलं की तो उडवायचा, एक कमांड मारायची, नेटवरून सगळं परत येतं. मालाडच्या ऑफिसात नवीन आलेल्यांना हे मीच शिकवते.
सगळं आलं, एक सोडून. मंग्या-आवाज, व्हर्जन १. सापडत नाही.
परत उडवला, परत उतरवलं. असं चार वेळा.
चौथ्यांदा ते नाव नीट वाचलं. ही नेटवर असेलच कशी? ही त्याने घरी बनवली आणि याच फोल्डरात ठेवली. सगळे आवाज तिच्यात.
वाट लागली.
चार वाजले, लॅपटॉप गप्प. आई आतून, "आज मंग्या बोलूक नाय?"
"लॅपटॉप तापलाय गं." खोटं बोलले.

रवि. ९
पेनड्राइव्ह, मेल, कपाट, सगळं उपसलं. त्याचा फोन तर आम्हीच पुसून मामेभावाला दिला. व्हॉट्सॲपवर आमचं दोघांचं नुसतं टायपिंग, तेही भांडणाचं.
त्याचा आवाज आठवून बघत होते. शब्द आठवतात. आवाज

सोम. १०
ऑफिसला दांडी. मुलुंडला पुसलेला डेटा काढून देणारा एक दुकानवाला आहे, त्याच्याकडे गेले.
"पुसल्यावर काही उतरवलंत का, ताई?"
चार वेळा, म्हटलं. त्याने मान हलवली. पुसलेलं तिथेच असतं म्हणाला, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणजे पहिल्यांदा उडवून मी नुसती थांबले असते तरी. दर वेळी कमांड मारत होते तेव्हा मंग्याच्या जागेवर काहीबाही उतरत होतं. दहा वर्षांचा अनुभव म्हणे माझा, चुलीत घाला तो.
"बघतो. भरवसा धरू नका." लॅपटॉप तिथेच ठेवून नाहूरला घरी परत आले. खाटेशेजारचं टेबल रिकामं बघवत नाही.

मंगळ. ११
चारची गोळी आईच्या हातावर ठेवली आणि सांगून टाकलं. फोल्डर-बिल्डर काही नाही. मंग्याचा आवाज माझ्या हातून पुसला गेला, एवढंच.
ती बराच वेळ पदराचं टोक चाचपत होती. रडली असती तर बरं झालं असतं. मी आपली बोलत राहिले, दुकानवाला काढतोय, थोडा तरी मिळेल कदाचित.
म्हणाली, "गावलो तर तू हात लावू नको."
बरं म्हटलं. दुकानातून अजून फोन नाही.