गोल ती विहीर, चौकोनी तो शाफ्ट

मी, विनिफ्रेड ट्रेगोनिंग, वय वर्षे ब्याऐंशी, अविवाहित, पोस्टातून निवृत्त, राहणार ट्रेलोअर गली हे जुनं सोनखाणींचं गाव, व्हिक्टोरिया, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, सकाळचा चहा झालेला आहे आणि हा कागद मी कोणत्याही माणसाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आहे, पण ते माणसाचं नाही. ते माझ्या परसात, कपड्यांच्या दोरीखाली आहे. त्याबद्दल कलम पाचमध्ये लिहिते. आधी सोपी कलमं उरकते.

कलम १. १९९१ साली केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात हे घर मी गावच्या इतिहास मंडळाला दिलं होतं. ज्या मंडळाची मी सत्तावीस वर्षं चिटणीस होते, जुन्या जागांवरचे आठही पितळी फलक ज्याच्यासाठी मी स्वतः लिहिले, त्या मंडळींनी माझ्या माघारी मला ‘पितळी म्हातारी’ म्हणावं? त्यांना आता माझ्याकडून चमचाही मिळणार नाही.

कलम २. माझं दहन करावं. पुरू नये, हे ठळक अक्षरांत लिहिलं आहे असं समजावं. आमच्या घराण्यातल्या चार पिढ्यांचे पुरुष पोटासाठी जमिनीखाली उतरले, त्यातले दोघे वर आलेच नाहीत. मी जमिनीखाली जाणार नाही, मेल्यावरसुद्धा नाही. राख पांढऱ्या टेकडीवर उधळावी. ती टेकडी म्हणजे खाणीतून उपसून टाकलेल्या दगडमातीचा ढीग आहे. तिच्या पोटात पोकळ काही नाही, मी खात्री करून घेतली आहे.

कलम ३. बँकेतली शिल्लक, बाबांची कुदळ आणि सोनं धुण्याचा लाकडी पाळणा माझी भाची लोवेना हिला द्यावा. ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी, शहरातल्या इस्पितळात परिचारिका आहे. त्या पाळण्यात मूल निजवत नाहीत, वाळू हलवतात. पण ती दोन वर्षांची असताना त्यात जाऊन झोपली होती आणि आम्ही सगळं गाव धुंडाळत होतो. तेव्हापासून तो तिचाच आहे.

कलम ४. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असं म्हणतात. गावातला निवृत्त सुतार डग्लस ली-हॉय याला मी साक्षीला बोलावलं आहे, म्हणून त्याला मी काहीही देत नाही. फक्त माफी मागते. ती कशाची, ते सांगते.

आमच्या गावात कोणालाही विचारा, तो सांगेल: चौकोनी तो शाफ्ट, गोल ती विहीर. आमच्या कॉर्निश लोकांनी, विलायतेतून खाणकामाला आलेल्यांनी, खाणीत उतरायला जे खड्डे खणले ते सगळे चौकोनी. त्यामुळे ओढ्यापासून माझ्या कुंपणापर्यंत सरळ रांगेत जे चार गोल खड्डे आहेत, त्या चिनी लोकांच्या विहिरी, हे आम्हाला शेंबडं पोरही सांगायचं. १९७४ साली मी तिथे फलक लावला: ‘चिनी विहिरी’. डग्लसचे पणजोबा सोनं शोधायला आलेल्या त्याच चिनी लोकांपैकी. अनावरणाच्या दिवशी सगळ्यांसमोर, हातात केकची बशी घेऊन, तो म्हणाला, “अगं विने, ओढ्याच्या काठाला बसून बावीस-बावीस पावलांवर चार विहिरी कोण खणतं? आमचे म्हातारे काय डोंगराला आंघोळ घालायचे?”

“मग गोल का आहेत?” मी म्हणाले. “कोपऱ्यात भूत बसतं असं तुमच्यात म्हणतात म्हणून?”

“भूत बसलंय तुझ्या डोक्यात! गोल खड्डा ढासळत नाही, लाकडाचा आधार कमी लागतो. ते शाफ्टच आहेत. सोन्याची शीर जिकडे गेली तिकडे ते खणत गेले.”

मी फलक बदलला नाही. पंचेचाळीस वर्षं आम्ही एकमेकांना नाताळची कार्डं पाठवली आणि प्रत्येक कार्डात तो खाली बारीक अक्षरात लिहायचा: ‘विहिरीचं पाणी गोड आहे ना?’

कलम ५. घर आणि परस. हे लिहिताना मला भीती वाटते आहे. सरळ लिहायचं ठरवलं आहे, म्हणून सरळ लिहिते.

मी नऊ वर्षांची असताना आई गेली. त्यानंतरच्या आठवड्यात बाबांनी तिचा लोखंडी पलंग परसात ओढत नेला, तिथल्या, त्याच रांगेतल्या पाचव्या गोल खड्ड्यावर आडवा टाकला, वर रेल्वे रुळांखालचे जुने ओंडके रचले आणि माती ओढली. आमच्याकडे खड्डे असेच बुजवतात. घरात जे नकोसं झालं ते खड्ड्याच्या तोंडावर आणि वर हिरवळ. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “विहीर आहे पोरी, जुनी. बुजवून टाकतोय.” तीस वर्षं खाणीत काढलेल्या माणसाला विहीर आणि शाफ्ट यांतला फरक कळत नव्हता असं होईल का? मी घाबरू नये म्हणून ते खोटं बोलले. तेच खोटं मी पितळेवर कोरून गावाला दिलं.

तीन वर्षांपूर्वी कपड्यांच्या दोरीखालची जमीन बशीसारखी खोलगट झाली. मी माती टाकली. महिन्याभरात ती परत खोल गेली. तेव्हापासून मी दुकानातून गुलाबांसाठी म्हणून मातीच्या पिशव्या आणते. दुकानदार विचारतो, “विनीबाई, गुलाब काय म्हणतात?” मी म्हणते, “बहरलेत.” माझ्याकडे गुलाबाचं एकही झाड नाही.

या जूनमध्ये आईच्या पलंगाची पितळी मूठ मातीतून वर आली. एक बाजू खाली गेली म्हणूनच दुसरी वर आली असणार. तिच्या शेजारी मुठीएवढं भोक पडलं होतं. मी पोटावर आडवी होऊन त्यात खडा टाकला. एक. दोन. मग खट्ट. पाण्याचा आवाज नाही, कोरडाच. किती वेळ मी तशीच पडून राहिले कोण जाणे, कारण उठायला हात टेकवायचे कुठे हेच कळेना.

त्यानंतर मी कपडे पुढच्या अंगणात वाळत घालते, गाव हसतं. मागच्या खोलीतला पलंग पुढच्या खोलीत हलवला. जिना चढल्यासारखी एकेक फळी चाचपून स्वयंपाकघरात जाते. कपाटातली बशी किणकिणली की दाराची चौकट धरून उभी राहते.

आणि हे मी कोणालाही सांगितलं नाही. फलकाची लाज होती, पण ते खरं कारण नव्हे. लोवेनाने चाकांवरचं घर घेतलं आहे. येत्या गुरुवारी ट्रक ते घर आणून माझ्या परसात ठेवणार, आणि ती माझ्याजवळ राहायला येणार. मी तिला सांगितलं तर ती येणार नाही आणि मला शहरातल्या वृद्धाश्रमात टाकतील. म्हणून मी ठरवलं की ते घर कुंपणाला चिकटून ठेवायला सांगायचं आणि खरं काय ते इथे लिहून ठेवायचं. तरी माझ्या मृत्यूनंतर हे घर लोवेनाला मिळावं, मात्र परसात तिने पाऊल टाकू नये.

कलम ६. हे कलम त्याच दिवशी दुपारी, दुसऱ्या जागी लिहिलं आहे.

साक्षीदाराने मृत्युपत्र वाचायचं नसतं, फक्त सही करायची असते. डग्लसने चष्मा लावून सगळं वाचलं. कलम चारपाशी तो हसला. कलम पाच वाचून झाल्यावर मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“विने, हा मेल्यावर उघडायचा कागद आहे,” तो म्हणाला. “ट्रक गुरुवारी येतोय.”

“मला माहीत आहे.”

“आणि शीर तुझ्या दोरीपाशी थांबली असं तुला कोणी सांगितलं? पुढची बावीस पावलं मोजलीस?”

मोजली नव्हती. मला त्यांचीच सगळ्यात जास्त भीती होती. डग्लस दोरीच्या खांबापासून निघाला, आकडे मोठ्याने म्हणत मागच्या दाराने आत शिरला, स्वयंपाकघर ओलांडलं, बोळ ओलांडला. बाविसावं पाऊल त्याने पुढच्या खोलीत माझ्या पलंगाच्या पायथ्याशी टाकलं. जिथे मी जीव वाचवायला झोपत होते तिथे. आल्या वाटेने तो परतला नाही, भिंतीला पाठ लावून बाहेर आला आणि हळू आवाजात म्हणाला, “किटली राहू दे. पर्स घे आणि चल.”

त्याच्या घरून मी लोवेनाला फोन केला आणि सगळं सांगितलं. 

“आत्या, तीन वर्षं?”

“हो.”

“आणि तू मला त्याच्या शेजारी झोपवणार होतीस?”

 तिने फोन ठेवला. त्या दहा मिनिटांत मला जी भीती वाटली, तेवढी त्या भोकाशी पडून असतानाही वाटली नव्हती. मग फोन वाजला. ती रडत होती आणि चिडलेलीही होती. म्हणाली, “घराला चाकं आहेत ना गं, आत्या? तू असशील तिथे आणते. पण माझ्याशी परत असं खोटं बोललीस तर बघ.”

म्हणून कलम पाचमधली शेवटची दोन वाक्यं मी रद्द करते. माझं घर कोणालाही देऊ नये. डग्लसने कळवलं आहे, सरकारी माणसं उद्या येऊन कुंपण घालणार आहेत, ते तसंच राहावं. ‘चिनी विहिरी’ हा माझा फलक काढावा, आणि नव्या फलकावर एवढंच कोरावं:

‘या विहिरी नाहीत. रांग इथे संपत नाही.’

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला आहे. सही मी भीत भीत केली, पण कोणाच्या जबरदस्तीने नव्हे. दोन्ही साक्षीदारांनी ते पाहिलं आहे आणि दोघेही एकाच वेळी समोर हजर होते.

सही: विनिफ्रेड ट्रेगोनिंग

साक्षीदार:
डग्लस ली-हॉय, निवृत्त सुतार
ऑड्री ली-हॉय, त्यांची पत्नी

दिनांक: सोमवार, ९ सप्टेंबर २०१९

ठिकाण: ली-हॉय यांचा व्हरांडा, ट्रेलोअर गली. खाली जमीन घट्ट आहे, असं डग्लस म्हणतो. या वेळी मी त्याचं ऐकते आहे.