दालचिनीचे स्कोन आणि शेजारच्या सीटवरचा ब्रेक

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (हा लेखीच समज. खरोखर घालायचा तर मी खाली जाईन, पण मला वर आणायला दोन माणसं लागतील, आणि घरातली माणसं सध्या माझ्यावर रुसलेली आहेत.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुझं पत्र पोचलं. प्रकृती उत्तम आहे म्हणतेस. काही न करता वजन उतरलं, अंगठी गळून पडते म्हणून तिला दोरा गुंडाळलास, उशाशी पाण्याचा पेला पुरेना म्हणून आता जगच भरून ठेवतेस, आणि परवा भाजी घेऊन घरी आलीस ती एकाच पायात चप्पल घालून, दुसरी वाटेत कुठे राहिली ते तुला कळलंही नाही! हा मजकूर मी जेवताना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाईंना हसून ठसका लागला, लेकीने पाणी आणलं, आणि तुझी भावजय म्हणाली की वन्सं म्हणजे वन्संच. इकडे आम्ही ठीक आहोत. म्हणजे कोणी कोणाशी धड बोलत नाही, पण ठीक आहोत.

सोबत एक डबा पाठवतो आहे. पत्र पुरतं वाचून झाल्याशिवाय तो उघडायचा नाही. तुझी खोड मला ठाऊक आहे, तू गोष्टीचं पुस्तकसुद्धा शेवटाकडून वाचतेस आणि मग आम्हाला खुनी कोण ते सांगून टाकतेस. म्हणून या पत्राच्या शेवटी मी मुद्दाम काहीही महत्त्वाचं ठेवलेलं नाही. वरून खाली वाच. मी दमून लिहितो आहे, तू निदान बसून वाच.

तर झालं असं, की आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी यंदा सगळ्या शिक्षकांची डॉक्टरी तपासणी काढली. मी आपला रक्त देऊन आलो आणि हात दाखवून अवलक्षण झालं. साखर निघाली, तीही थोडीथोडकी नाही. त्यात दैव असं, की डॉक्टरीणबाई माझ्याच हाताखाली गाडी शिकलेल्या. गाडी मागे घेताना त्यांनी तीनदा कुंडी फोडली होती, आणि तेव्हा मी त्यांना काय काय बोललो होतो ते त्यांनी शब्दन् शब्द जपून ठेवलं होतं, आणि आता तेच मला परत ऐकवलं. "घाई नको. आधी बघा, मग घ्या. तुम्हाला समोरचं दिसतच नाही का?" (मी ताटातल्या भाताबद्दल विचारत होतो.) मग मला पलंगावर झोपवून डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, पायाला कुठे काही लागलं की सांगा. मी वाट बघत पडून राहिलो. एक डुलकी लागेल इतका वेळ गेला. शेवटी म्हणालो, बाई, करा की सुरुवात. त्या म्हणाल्या, उजव्या अंगठ्याचं झालं.

उजवा अंगठा, ताई. त्याच अंगठ्याने मी ब्रेक दाबतो. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसणाऱ्याकडे स्टिअरिंग नसतं, त्याच्याकडे फक्त पायाखालचा तो ब्रेक असतो, आणि तो पायाला कळायला लागतो. बाबांचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. जखम बुटात लपवून ते कामावर जात राहिले. पुढचं तुला मी काय सांगू, पट्ट्या तूच बांधायचीस. बाईंनी मला तीन महिने दिले. साखर खाली आली तर फिटनेसच्या कागदावर सही, नाहीतर गाडीतून उतरायचं आणि ऑफिसात बसून पावत्या फाडायच्या. गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, काय खावं काय नाही हे अर्धा तास समजावलं. त्यातलं तुझ्या भावजयीच्या लक्षात एकच वाक्य राहिलं, की बाहेरचं गोड बंद. आपल्या घराण्याची अक्कल तुला माहीत आहेच. बाहेरचं बंद, याचा अर्थ आमच्या घरात असा निघाला की घरचं चालू.

आता दुपारी चारला मी स्कूलच्या समोरच्या बेकरीत चहाबरोबर दालचिनीचा एक स्कोन, तो पाव आणि बिस्किटाच्या मधला प्रकार, खातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. खात होतो. (वरून साखरेचा पातळ थर, आतून मऊ, कडेला जरा खरपूस. जाऊ दे.) दिवसभर लोक मला भिंतीवर घालायला निघालेले असतात, त्यातून जिवंत उरल्याचं ते बक्षीस होतं. ते गेल्यापासून चार वाजता मी त्या बेकरीकडे पाठ करून उभा राहतो आणि स्कूलचे मालक विचारतात की कोणी गेलं का. हे लेकीने येता-जाता पाहून घरी सांगितलं, आणि तुझ्या भावजयीने पदर खोचला. मधुमेहाला चालतील असे स्कोन आता घरीच होणार होते.

पहिली खेप म्हणजे नुसता छळ होता. साखर वर्ज्य, मैदा वर्ज्य, लोणी नावापुरतं. सासूबाईंनी शेजारणीकडून ऐकलं होतं की दालचिनी साखर खाते. त्यावर त्यांचा हिशेब सरळ होता: जावयाची साखर जास्त, तर दालचिनीही जास्त. त्यांनी डबीच उपडी केली. पीठ चाळताना असा काही धुरळा उठला की चौघंही शिंकत गॅलरीत धावलो, आणि खालून कोणीतरी विचारलं की रंगकाम काढलंय का. ओव्हनमधून जे बाहेर आलं ते सुरीला दाद देईना. एक तुकडा मी तोंडात धरला आणि चेहरा नेहमीसारखा ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला. (तो जमला नाही, हे पुढे कळेलच.) बाकीचे मी स्कूलमध्ये नेले. तिथे आमची जुनी गाडी उतारावर उभी असते आणि तिचा हँडब्रेक धरत नाही. एक स्कोन मागच्या चाकाखाली सरकवला. दोन पावसाळी दिवस काढले त्याने, गाडी तसूभर हलली नाही.

यात माझीही चूक होती असं तुझ्या भावजयीचं म्हणणं आहे. ती पीठ मळत असताना मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो आणि सवयीने बोलायचो. जरा हळू, आता डावीकडून, थांबा, थांबा म्हटलं ना! ती दुधाचं भांडं वाकडं करायला लागली की माझा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. असं तीनचारदा झाल्यावर तिने पिठाच्या हाताने दार दाखवलं आणि म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकायच्या तर तुमच्या त्या गाडीत. इथे दुसरा ब्रेक नाही." मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो.

दुसरी खेप मात्र, ताई, काय सांगू. मऊ, खमंग, जिभेवर विरघळणारी. साखर नाही, तरी गोड! मी एक खाल्ला, दुसरा खाल्ला. तिघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी मान वर केली की तिघी तीन दिशांना बघायच्या. मी म्हटलं, बिनसाखरेचे इतके गोड कसे? तुझी भावजय म्हणाली, ओटच्या पिठाची गोडी. सासूबाई म्हणाल्या, दालचिनीची. लेक म्हणाली, हाताची. मी भोळा माणूस. (हसू नकोस.) त्या दिवसापासून रोज दोन स्कोन, पथ्य म्हणून. आणि बोट टोचून साखर मोजायचं यंत्र घरी आणलं होतं, त्यावरची साखर जी चढायला लागली ती आमच्या घाटातल्या गाडीसारखी, उतरायचं नावच नाही. आम्ही यंत्राला दोष दिला. ते तपासायला सगळ्यांनी बोटं टोचून घेतली. सासूबाईंची साखर एखाद्या शाळकरी पोरीसारखी निघाली, तेव्हापासून त्या भेटेल त्याला तो आकडा सांगतात. यंत्र बरोबर होतं, बिघडलेला मीच होतो.

मग मी माझ्या धंद्यातला उपाय केला. आमच्या गाडीत शिक्षकासाठी एक जादा आरसा असतो, म्हणजे मान न वळवता मागचं दिसावं. तो काढून घरी आणला आणि बाहेरच्या खोलीत पेपर वाचायच्या खुर्चीसमोर कपाटाला चिकटवला. स्वयंपाकघराकडे पाठ करून पेपर धरून बसलो. आरशात काय दिसलं? तुझ्या भावजयीने पीठ भिजवलं, झाकलं आणि कपडे वाळत घालायला गेली. लगेच सासूबाई आल्या. वाकून चालणारी ती बाई, पण काय चपळाई! मागे पुढे बघून मधाची बाटली पिठावर उलटी धरली आणि पसार. पाठोपाठ लेक आली, तिच्या वाटीत खजुराचा गोळा. तीही गेली. शेवटी खुद्द भावजय परत आली, फडताळाच्या मागून घट्ट गोड दुधाचा डबा काढला आणि दोन चमचे... तिसराही घातला. एकीला दुसरीचा पत्ता नाही. शिकाऊ गाडीला दोन ब्रेक असतात, ताई. आमच्या घरात तीन ॲक्सिलरेटर निघाले आणि तिन्ही माझ्यावर.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. भांडायची ताकद नव्हती, नुसतं म्हटलं की मला आरशातून सगळं दिसलं. तिघींनी एकदम तोंडं उघडली. सासूबाईंचं म्हणणं, मध म्हणजे औषध. लेकीचं म्हणणं, खजूर हे फळ आहे. तुझी भावजय ओट्याला टेकून उभी राहिली आणि रडायला लागली. म्हणाली, "पहिल्या खेपेला तुम्ही तोंड कसं केलंत ते मी बघितलं ना. एवढंही या माणसाला मिळू नये का, असं झालं मला." मी जाब विचारायला गेलो होतो आणि तिला खुर्ची देऊन बसलो. साखरेने माणूस हळूहळू मरतो म्हणतात, पण आमच्याकडे तो मायेने मरायचा होता.

बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या आधी पोटभर हसल्या, मग पुन्हा माझ्याच आवाजात म्हणाल्या की मध, खजूर, दूध, सगळ्या वाटा एकाच चौकात येतात. पीठसुद्धा तिथेच येतं. आणि दालचिनी वासाला घाला, औषधाला नको. आता नियम असा की स्वयंपाकघरात एका वेळी एकच माणूस. अर्धं ओटचं पीठ, अर्धं बदामाचं, दही, एक अंडं, चिमूटभर मीठ आणि बेताची दालचिनी. आठवड्यातून दोनदा, एकच, मुठीत मावेल एवढा. चवीला कसा? बरा. बेकरीतल्यासारखा नाही, कधी होणारही नाही, पण चार वाजता तो हातात असला की मी बेकरीकडे तोंड करून उभा राहू शकतो. साखर उतरते आहे. काल बाईंनी कागदावर सही केली. अंगठ्याचं जे गेलं ते गेलं, म्हणाल्या, उरलेलं सांभाळा. तेव्हा मी रोज रात्री पाय पुढे करून बसतो, लेक तळवे बघते, आणि गाडीत ब्रेक अंगठ्याऐवजी अख्ख्या चवड्याने दाबतो. तो अजून कळतो. रुसवे सुरूच आहेत, कारण प्रत्येकीला वाटतं की आपलं सोडून बाकी दोघींचंच नडलं.

आणखी काय लिहू? तिकडच्या थोरांना नमस्कार. लहान तिकडे कोणी उरलेलं नाही, तेव्हा त्यांचे आशीर्वाद परत पाठव, इथे खपतील.

तुझा,
धाकटा

ता.क. : तुझ्या संत्र्याच्या जॅमची बरणी यंदा पाठवू नकोस, मी सुधारलो आहे. पाठवायचीच असेल तर घरी नको, स्कूलच्या पत्त्यावर पाठव.

ता.क. दुसरा : वरचा ता.क. तुझ्या भावजयीने वाचला. बरणी कुठेच पाठवू नकोस.

ता.क. तिसरा : तू इथूनच वाचायला सुरुवात केली असणार, म्हणून खरं ते इथेच लिहितो. डब्यात स्कोन दोनच आहेत. वजन लागतं आहे ते खाली कागदात गुंडाळलेल्या यंत्राचं, एक मी तुझ्यासाठी घेतलं. स्कोनला हात लावायच्या आधी, सकाळी उपाशीपोटी, बोटाच्या कडेला टोचून आकडा बघ आणि मला कळव. तुझी तहान, तुझं उतरलेलं वजन, मलाही अगदी असंच होत होतं आणि मीही खूश होतो. तुझं चपलेचं वाचून घरात कोण कोण हसलं ते वर लिहिलं आहे. पुन्हा बघ, मी हसलो असं कुठेही लिहिलेलं नाही. तू का तपासून घेत नाहीस तेही मला ठाऊक आहे. बाबांच्या पट्ट्या तू बांधल्यास, मी नुसता दारात उभा होतो. तू घाबरली आहेस. मीही घाबरलो आहे. शनिवारी येतो. आपण तुमच्या डॉक्टरांकडे जाऊ, गाडी तूच चालव, मी शेजारी बसतो. तोवर एक कर. डोळे मिटून बस आणि भाऊजींना तुझ्या अंगठ्यांवरून कापसाचा बोळा फिरवायला सांग. कळलं तर सवडीने फोन कर. भाऊजी म्हणाले की झालं, तर लगेच कर.