दोन मुठींएवढे स्पीकर

१० फेब्रुवारी, मंगळवार

कानात बुरशी! डॉक्टर म्हणाले, "दोन महिने हेडफोन बंद." आणि माझी नोकरी कसली, तर दिवसभर मीटिंगा. नोकरीतली ट्रायल एप्रिलात संपतेय, तोवर पक्की नाही. पीसीला स्पीकर घ्यायलाच हवेत.

पण ठेवू कुठे? फ्रिज आणि भिंत यांच्यामधली अडीच फुटांची फळी — हेच माझं "होम ऑफिस". मागे पडदा. पडद्यामागे आमचं अख्खं बिऱ्हाड. माझ्या बॉस हेतल मॅडमना वाटतं, वेगळी खोली आहे. वाटू दे.

११ फेब्रुवारी

वूफरवाले बाद, पाय ठेवायला जागा उरत नाही. लांब पट्टीवाला कीबोर्डला अडतो. छोटी जोडी बघायची.

१२ फेब्रुवारी

आज जे बोलले ते इथेही लिहवत नाही. लिहितेच.

फोनच्या स्पीकरवर मीटिंग चालू होती. पप्पा पडदा सारून बनियनवरच आत — "चंचल! चहा ले व!" इथे सुरतेत, उधन्यात बत्तीस वर्षं कापडाचा लूम चालवून त्यांचे कान गेलेत, त्यामुळे साधं बोलणंही ओरडून. मॅडमनी विचारलं, "कोण छे?"

मी म्हटलं, "मिस्त्री छे. काम करवा आव्यो छे."

मानाने 'आव्या' तरी म्हणायचं! नाही, 'आव्यो' म्हटलं. बापाला. तेही तोंडासमोर — ऐकू येत नाही म्हणून बिनधास्त. ते हसले, कप ठेवला, गेले. चहा चांगला झाला होता. मी प्यायले.

१४ फेब्रुवारी

पप्पा आपणहून दुकानात आले. दुकानदार महागडी जोडी माथी मारत होता. मला आवाज मोठा वाटला, म्हणून छान वाटली. पप्पांनी वाजत्या स्पीकरवर पंजा ठेवला, डोळे मिटले. "हाई पेटी थरथरस. टेबलभी वाजाडी." मग दोन मुठींएवढ्या साध्या जोडीवर हात — "हाई ले." लूम बिघडला की असाच हात लावून ओळखायचे म्हणे. मला अभिमान वाटला, आणि लगेच स्वतःची लाज. अभिमान वाटायचा हक्क कुठला आता मला?

१५ फेब्रुवारी, रविवार

जोडणी केली. आवाजच नाही! स्क्रीनवर टक्कलावर केस उगवून देणाऱ्या तेलाची जाहिरात आवाजाविनाच चालू होती, एक माणूस काहीतरी सांगत होता. मी तारा ओढत बसलेली. मागे पप्पा खो खो हसायला लागले. "म्हनस, पंधरा दिनमा केस उनात नही ते पैसा परत!"

हिरवी पिन गुलाबी भोकात गेली होती. काढून नीट लावली, व्हिडिओ मागे नेला. तो माणूस अगदी तेच बोलला. शब्दन्‌शब्द.

आईला विचारलं. ती पोळ्या लाटत होती, वर बघितलंही नाही. "लूमना आवाजमा कानघाई कोन आयकस व? व्हट देखीसनच समजतस."

ओठ बघून! पंचवीस वर्षं या घरात राहते. मला वाटायचं, मी ओरडते म्हणून त्यांना कळतं!

गुरुवारी ते माझ्या समोर उभे होते. माझ्या तोंडाकडे बघत. आणि गुजराती त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते.

१६ फेब्रुवारी

माफी मागायला दोनदा गेले. दोनदा "पाणी हवंय का" विचारून परत आले. उद्या मीटिंगमध्ये मॅडमना सरळ सांगणार — ते माझे पप्पा आहेत. ठरलं. एकदाचं ठरलं!

१७ फेब्रुवारी

स्पीकर सुरेख वाजले. मॅडमनी पडदा हललेला पाहिला — "पाछुं कोण आव्युं?" मी तोंड उघडणार, तोच पप्पा पुढे आले. अंगात इस्त्रीचा शर्ट. कॅमेऱ्याला हात जोडून म्हणाले, "हुं मिस्त्री, बेन. काम पूरुं थयुं. जाउं छुं." चपला घालून घराबाहेर पडले.

"भलो माणस लागे छे," मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, "हा, मॅडम."