रविवारचे दोन फेरे

यामिले,

ब्रेडच्या रांगेतून आलीस की आधी गॅरेजात जा. हवानाभर पेट्रोल नाही, आजोबांची शेवरोले चार महिने उभी आहे. दर रविवारी इंजिन हातानं फिरवलं नाही तर जाम होईल. गाडी न्यूट्रलला आहे, प्लग काढून आत चमचा-चमचा तेल सोडलंय. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लाव आणि सावकाश दोन फेरे दे. मला आज पाव फेराही जमला नाही. तासभर गाडीलाच शिव्या घातल्या, "म्हातारे, आता तूही रुसलीस?" म्हणून. तिचा काही दोष नव्हता गं.

शेजारच्या ओर्लान्दोबरोबर दवाखान्यात जातोय. कॉफी झाकून ठेवलीये.

अक्षराला हसू नकोस. उजवा हात सकाळपासून उचललाच जात नाहीये, डाव्यानं लिहिलंय.

बाबा