पहिला बाक

ती. आईला साष्टांग नमस्कार. वसतिगृहाच्या खोलीत आडवं व्हायला जागा नाही, म्हणून उभ्यानेच केलाय. चालवून घे.

मी मजेत आहे. जेवण बरं असतं. तुझा गुडघा कसा आहे? दादा माझी सायकल नीट वापरतोय ना?

काल वर्गात बाईंनी विचारलं, "शाळेबद्दल तुमचं मत काय?" मुली तुटूनच पडल्या. कुणाला गणवेश नको, कुणाला गृहपाठ नको. मी म्हटलं, "सगळं छान आहे." बाई खूश झाल्या. मागून कुणीतरी "चमची!" म्हणालं.

खरं सांगू? इथे मार्कांप्रमाणे बसवतात. जिचा पहिला नंबर, तिला सगळ्यांच्या पुढे एकटीचा बाक. बाबांना त्याचं केवढं कौतुक! पण मागे खसखस पिकली, की काय झालं ते विचारायलाही शेजारी कुणी नसतं.

अभ्यास चालू आहे, काळजी नको. फक्त या चाचणीत माझा दुसरा नंबर आला, तर बाबांना तू सांभाळून घे. दुसऱ्या बाकावर दोघी बसतात.

तुझी,
बडबडी