बिस्किटांच्या डब्यातली चिठ्ठी

प्रिय बुटके,

‘प्रिय’ वाचून हुरळून जाऊ नकोस, पत्राची सुरुवात तशी करतात म्हणून लिहिलंय. आईला जाऊन वर्ष होत आलं आणि मी अजून रागाने धुमसतेय.

ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू झालाय. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावताना फादर म्हणाले, यंदा नुसते जिभेचे चोचले बंद करू नका, रोज पंधरा मिनिटं गप्प बसून स्वतःच्या मनात डोकावा. मी डोकावते. दुकान उघडण्याआधी शिलाई मशीनपाशी डोळे मिटून बसते आणि स्वतःची पापं आठवायला गेले की तुझीच आठवतात. आईशी भांडून गेलीस ती गेलीसच. ती दोन महिने अंथरुणाला खिळली, तू आली नाहीस. मातीलासुद्धा आली नाहीस. तिसऱ्या दिवशी तर डोळे मिटल्या मिटल्या माझा असा तिळपापड झाला की उठून शाळेतल्या मास्तरांची पॅन्ट बाजूने घट्ट करताना दोन्ही खिसे शिवून टाकले. मास्तर भर वर्गात खडू ठेवायला खिसा शोधत राहिले म्हणे. ती शिवण उसवतानाही मी तुलाच शिव्या घालत होते.

तो बिस्किटांचा डबा आठवतो ना? उपवासकाळात कोण काय सोडणार ते चिठ्ठीवर लिहून आई त्यात टाकायला लावायची आणि ईस्टरच्या सकाळी डबा उघडेपर्यंत कुणी कुणाला सांगायचं नाही. तू एकदा ‘अभ्यास’ लिहून ठेवलंस आणि सणाच्या दिवशी धपाटा खाल्लास. नावडतं सोडायचं नाही, ज्याच्यावाचून चैन पडत नाही तेच सोडायचं, हा तिचा नियम. तिने चहा सोडला होता त्या वर्षी घरातलं एकही माणूस तिच्या तोंडातून सुटलं नव्हतं.

आजारी पडल्यापासून आई दिवसातून दहादा विचारायची, बुटकी कधी येणार? औषध देताना तेच, केस विंचरताना तेच. माझं डोकं उठायचं. राबतेय मी आणि हिला पुळका तुझा! मग उपवासकाळ लागला आणि तिने विचारणं बंदच केलं. नावसुद्धा नाही. मला वाटलं, उघडले एकदाचे डोळे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्याच आठवड्यात तुझा फोन आला, रजा काढून निघू का म्हणून. मी फटकन सांगितलं, आई तुझं नावही काढत नाही, येऊन तिला त्रास देऊ नकोस. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, फादरांनाही नाही. वर्षभर सगळ्यांना सांगत आले, बुटकीला आईची पर्वाच नव्हती. आणि मनात म्हणत आले, मी नको म्हटलं म्हणून काय झालं, खरी लेक असती तर माझं न ऐकता आली असती.

काल माझी चिठ्ठी टाकायला डबा उघडला. आई उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातच, ईस्टरआधी गेली, त्यामुळे गेल्या वर्षी तो कुणी उघडलाच नव्हता. तळाशी तिची चिठ्ठी होती. अक्षर थरथरलेलं, पण तिचंच. ‘बुटकी कधी येणार, हे विचारणं.’ एवढंच. ईस्टरला पुन्हा विचारणार होती ती, बुटके. मी तिची चिठ्ठी सोबत ठेवलीय, ती तुझी आहे. माझ्या चिठ्ठीवर, नियम मोडून सांगते, तुझ्यावरचा राग लिहायला बसले होते, कारण वर्षभर मला त्याच्यावाचून चैन पडलेलं नाही. आता तो तुझ्यावर काढायचं तोंड मला उरलेलं नाही. तू हवं तेवढं माझ्यावर चिड, तुला सगळं माफ. पण आईचं विचारायचं राहून गेलंय, म्हणून मी विचारते. बुटके, कधी येणार?

तुझीच,
ताई