नऊ किलोची सॅक

शनिवार, संध्याकाळ. हसनाबाद.

उद्या एकटाच तलावावर तंबू टाकून राहायला चाललोय. सॅक आठ किलोच्या वर न्यायची न्हाई, हे ठरलेलं. कापूस मोजायच्या काट्याला अडकवली तर नऊ भरली. घडीची खुर्ची काही सोडवेना. मंग आईनं दुपारभर चुलीपुढं बसून केलेल्या दशम्यांचा डबा काढून तिच्याच हातात दिला.

"उगी कशाला ओझं करून ठेवलं?"

"ऱ्हाऊ दे मंग," एवढंच म्हणाली.

आता बराबर आठ. सॅक खाली उतरवली, तर रिकामा काटाही एक किलो दाखवत होता. म्हणजे डबा बसत होता. खुर्चीसुद्धा.

परत मागावा का? न्हाई मागितला. खूश झाली असती, अन् पुढच्या वेळी पुन्हा चुलीपुढं बसली असती.